तोडीनंतरचे जंगल

झाडाचा बुंधा दरवर्षी किती जाड होतो, हे त्याची जात, माती, पाऊस आणि त्याच्या शेंड्यावर पडणारा उजेड यांवर ठरते. लाकडासाठी तोड झाली की यांतल्या दोन गोष्टी एकाच दिवसात बदलतात. वरचे छत उघडते, त्यामुळे उजेड वाढतो. ओंडके ओढून नेताना माती दबते आणि खरवडली जाते. उरलेल्या झाडांपैकी काहींना या बदलाचा फायदा होतो, काहींना इजा होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या जाती शिरतात. म्हणूनच एका हेक्टरमधून किती लाकूड काढले, एवढ्या आकड्यावरून पुढच्या वाढीचा अंदाज येत नाही. कोणती झाडे काढली, कोणती ठेवली, मोकळी जागा केवढी झाली आणि पुढची तोड किती वर्षांनी होणार, यांवर ती वाढ ठरते. उपोष्ण कटिबंधातील जंगलांत हा फरक विशेष ठळक दिसतो.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या ध्रुवांकडील बाजूला, साधारण पस्तीस अंश अक्षांशापर्यंतचा पट्टा उपोष्ण मानला जातो. या अक्षांशांवर वाळवंटेही आहेत. पण खंडांच्या पूर्व किनाऱ्यांवर समुद्राचे बाष्प पोहोचते, तिथे घनदाट जंगले वाढतात. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, दक्षिण चीन आणि ब्राझील-अर्जेंटिना सीमेवरची अटलांटिक जंगले ही त्याची मोठी उदाहरणे. हिमालयाच्या पायथ्यालगतच्या रांगांतही उपोष्ण जंगले आहेत. या पट्ट्यात उन्हाळा उष्ण आणि दमट असतो, हिवाळ्यात मात्र थंडी जाणवते आणि दऱ्याखोऱ्यांत दवही गोठते. त्यामुळे झाडांची वाढ वर्षभर सारख्या गतीने होत नाही. विषुववृत्तीय जंगलांपेक्षा इथे जातींची संख्या कमी असली, तरी समशीतोष्ण जंगलांपेक्षा ती कितीतरी जास्त असते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचा ईशान्य कोपरा आणि त्याला लागून असलेले आग्नेय क्वीन्सलँड हा या विषयाच्या अभ्यासाचा जुना प्रदेश आहे. सुमारे 2 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी इथल्या वोलुंबिन पर्वताच्या परिसरात मोठा ज्वालामुखी जागृत होता. त्याच्या लाव्हापासून तयार झालेली तांबूस सुपीक माती आणि भरपूर पाऊस यांमुळे इथे उपोष्ण वर्षावन वाढले. बुयाँग, पिवळा कॅराबीन, कोचवुड ही त्यातली उंच झाडे. वर्षावनाच्या कडेला आणि डोंगरधारांवर फ्लडेड गम, ब्लॅकबट, टॅलोवुड अशा निलगिरीच्या जातींची उंच जंगले आहेत. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जाणारा आणि महाराष्ट्रातील बागांतही दिसणारा सिल्व्हर ओक याच प्रदेशातला. तिथला लाल सीडर म्हणजे भारतात सह्याद्रीत आणि हिमालयाच्या पायथ्याशी वाढणारा तूण. दोन्ही एकाच जातीची झाडे.

वाढ मोजण्याच्या दोन पद्धती

झाडाची वाढ मोजण्यासाठी बुंध्यावर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण 1.3 मीटरवर, व्यास घेतला जातो. त्याच झाडाचा त्याच ठिकाणचा व्यास काही वर्षांनी पुन्हा मोजला की वार्षिक वाढ मिळते. दाट वर्षावनातील सावलीत उभ्या झाडांची ही वाढ वर्षाला काही मिलिमीटरच असते. छत उघडल्यावर तेच झाड दुपटीने किंवा त्याहूनही वेगाने जाड होऊ शकते. तोडीमुळे जंगल जोमाने वाढते, असा समज या आकड्यांवरून सहज होतो.

जंगलाचा हिशेब मात्र वेगळा असतो. एका हेक्टरातील सर्व झाडांच्या बुंध्यांच्या आडव्या छेदांचे क्षेत्रफळ एकत्र केले की त्या तुकड्यात एकूण किती झाडोरा उभा आहे, याचे माप मिळते. 20 सेंटिमीटर व्यासाचे झाड वर्षात एक सेंटिमीटर जाड झाले, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस सेंटिमीटरने वाढते. 60 सेंटिमीटरचे झाड त्याच वर्षात अर्धाच सेंटिमीटर जाड झाले, तरी त्याचा छेद सुमारे 47 चौरस सेंटिमीटरने वाढतो. निम्म्या गतीने जाड होणारे मोठे झाड अशा रीतीने लहान झाडापेक्षा जास्त लाकूड धरते. मोठी झाडे काढून टाकल्यावर लहानांचा वेग वाढला, तरी एकूण भर कमीच पडू शकते. त्यातच जखमी झाडे मरत राहिली, तर तोडीनंतरची काही वर्षे जंगलाची निव्वळ वाढ शून्याच्या आसपास किंवा उणेही राहते. तोडीच्या कोणत्याही पद्धतीबद्दल मत देताना उरलेल्या झाडांची वाढ, झालेली मर आणि नव्याने आलेली रोपे हे तिन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

उत्तम तेवढे काढून घेणे

तोडीची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे बाजारात भाव असलेल्या जातीची उत्तम झाडे शोधायची, ती काढायची आणि पुढे सरकायचे. लाल सीडरच्या बाबतीत हेच झाले. 1790च्या दशकात सिडनीच्या आसपास त्याची तोड सुरू झाली आणि जवळचा साठा संपत गेला, तसे लाकूडतोडे किनाऱ्याने उत्तरेकडे सरकले. 1842 मध्ये ते रिचमंड नदीच्या खोऱ्यात पोहोचले. बैलांच्या जोड्या लावून ओंडके ओढ्यापर्यंत आणायचे आणि पूर आला की नदीत सोडून द्यायचे, अशी त्यांची रीत होती. एकोणिसावे शतक संपेपर्यंत सहज हाती येणारा सीडर बहुतेक ठिकाणी संपला होता.

सीडर जंगलात विखुरलेला असे, एका हेक्टरात मोजकीच झाडे. त्यामुळे या तोडीने जंगलाचे छत फारसे उघडले नाही आणि इतर जातींची वाढही फार बदलली नाही. नुकसान झाले ते सीडरच्या पुढच्या पिढीचे. बी देणारी मोठी, सरळ खोडाची झाडे गेली; वाकडी, पोकळ आणि दुर्गम जागची तेवढी राहिली. सीडरच्या रोपाला वाढण्यासाठी उजेड लागतो, पण एकाच जागी त्याची दाट लागवड केली, तर पतंगाची एक अळी कोवळ्या शेंड्यात शिरून त्याला पोखरते. शेंडा मेला की खालून अनेक फांद्या फुटतात आणि सरळ खोड मिळत नाही. भारतातील तुणाच्या लागवडीलाही हाच पतंग त्रास देतो. जंगलातील लहानशा मोकळ्या जागेत, इतर झाडांच्या आडोशाला वाढणारे विखुरलेले रोप या किडीपासून बऱ्याच अंशी वाचते. म्हणजे सीडर परत यायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, चांगले बीजवृक्ष आणि भोवतालचे मिश्र जंगल, तोडीच्या इतिहासाने एकामागून एक हिरावून घेतल्या. 1861च्या जमीन कायद्यानंतर वसाहतकरी दुग्धव्यवसायासाठी जमीन साफ करू लागले आणि ‘बिग स्क्रब’ नावाचे सुमारे 75 हजार हेक्टरांचे सखल वर्षावन जवळजवळ नाहीसे झाले. आज त्याचा एक टक्काही उरलेला नाही.

एकेक झाड, गट आणि सरसकट तोड

विसाव्या शतकात सरकारी वनखात्यांनी तोडीला नियम लावले. त्यातून तीन मुख्य पद्धती रूढ झाल्या. पहिली एकेरी निवड: ठरावीक व्यासाच्या वरची निवडक झाडे खूण करून तोडायची आणि छताचा बराच भाग राखायचा. दुसरी गट निवड: शेजारशेजारची झाडे एकत्र काढून ठिकठिकाणी मोकळ्या जागा तयार करायच्या. तिसरी सरसकट तोड: संपूर्ण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) एकाच वेळी साफ करायचे आणि बियांतून, खुंटाच्या फुटव्यांतून किंवा लागवडीतून नवे जंगल उभे करायचे. काही वेळा कूप साफ करताना थोडे बीजवृक्ष राखतात आणि रोपे रुजल्यावर तेही काढतात.

कोणती पद्धत वाढीला पोषक ठरेल, हे झाडाला उजेड किती लागतो यावर अवलंबून असते. बुयाँगसारख्या जातींची रोपे दाट सावलीत वर्षानुवर्षे तग धरतात. वरचे एखादे झाड पडले की त्यांना थोडा उजेड मिळतो आणि ती वर सरकतात. एकेरी निवडीत अशा जातींची सद्दी टिकते. फ्लडेड गम आणि ब्लॅकबट यांचे गणित उलटे आहे. त्यांचे बी बारीक असते. ते पालापाचोळ्यावर पडले, तर रुजलेले रोप लवकर सुकते. त्याला उघडी माती आणि जवळजवळ पूर्ण ऊन हवे असते. शेजारच्या मोठ्या झाडांच्या सावलीत त्याचा शेंडा दबला, की वाढ थांबते आणि पुढे जागा मोकळी झाली तरी ते पूर्ववत जोम धरत नाही. शिवाय बहुतेक निलगिरींच्या रोपांना जमिनीलगत अन्नसाठ्याची गाठ असते आणि शेंडा गेला तरी तिथून नवी फूट येते. या दोन जातींत ती नसते. टॅलोवुडला ती असते आणि तो थोडी सावलीही सोसतो. म्हणून ब्लॅकबटच्या जंगलात वारंवार हलकी एकेरी निवड केली, तर ब्लॅकबटची नवी पिढी येत नाही आणि खालून वर्षावनातील झुडपे व सावली सोसणाऱ्या जाती जागा घेतात. तोड हलकी असली, तरी जंगलाचा प्रकार तिच्यामुळे हळूहळू बदलत जातो.

मोकळ्या जागेचा आकार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आजूबाजूची झाडे चाळीस मीटर उंच असतील, तर दहा मीटर रुंदीच्या मोकळ्या जागेत दिवसातून थोडा वेळच थेट ऊन येते. रुंदी झाडांच्या उंचीइतकी किंवा जास्त झाली, तर मध्यभागी उजेडाची आवड असलेल्या रोपांना पुरेल इतके ऊन मिळते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपतो, त्यामुळे तिथे मोकळ्या जागेची दक्षिण कड जास्त उजळते. हिमालयात उत्तर कडेला जास्त ऊन मिळते. एकाच मोकळ्या जागेच्या दोन कडांना दोन वेगळ्या जाती जोम धरतात, याचे कारण अनेकदा हेच असते. उरलेल्या मोठ्या झाडांची सावली मोजण्यासाठी वनतज्ज्ञ शेंड्यावर पडणाऱ्या उजेडाची पायरी ठरवतात. वरून आणि बाजूंनी पूर्ण ऊन मिळणारे झाड सर्वांत वरच्या पायरीवर आणि थेट ऊन अजिबात न मिळणारे सर्वांत खालच्या. एकाच जातीच्या, एकाच जाडीच्या दोन झाडांच्या वाढीतील फरक या पायरीवरून बराच उलगडतो.

सरसकट तोडीत उजेडाचा प्रश्न सुटतो, पण इतर प्रश्न उभे राहतात. दुपारी जमीन तापते, रात्री दरीत थंड हवा साचून दव गोठते आणि कोवळी रोपे करपतात. सावलीत वाढलेली वर्षावनातील रोपे एकदम उघड्यावर आली, तर त्यांची पाने जळतात. मोठ्या बियांच्या जाती कबुतरांसारख्या फळे खाणाऱ्या पक्ष्यांवर आणि वटवाघळांवर अवलंबून असतात. हे प्राणी उघड्या मैदानात कमी येतात, त्यामुळे या जातींचे बी मध्यभागापर्यंत पोहोचत नाही. कोचवुडसारख्या काही जाती खुंटातून फुटतात, म्हणून त्या टिकतात. दुसऱ्या महायुद्धात बंदुकांच्या दस्त्यांसाठी आणि मॉस्किटो विमानांच्या प्लायवुडसाठी कोचवुडची मोठी तोड झाली. या फुटव्यांची सुरुवातीची वाढ जलद असते, पण एकाच खुंटावर अनेक खोडे आल्याने सरळ, जाड ओंडका मिळायला बराच काळ जावा लागतो.

दीर्घकाळच्या नोंदी

पद्धतींची अशी तुलना दोन-चार वर्षांच्या निरीक्षणातून करता येत नाही. 1960च्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागातील उपोष्ण वर्षावनात कायमस्वरूपी चाचणी तुकडे आखले गेले. काही तुकडे न तोडता राखले, काहींत हलकी एकेरी निवड झाली आणि काहींत तीव्र तोड झाली. तीन दशकांहून अधिक काळ त्यांतील झाडे पुन्हा पुन्हा मोजली गेली.

या मोजणीतून ठळक दिसणारे चित्र असे आहे. तोड जितकी तीव्र, तितकी पुढच्या काळात नव्या रोपांची भर जास्त. खोडांची संख्या तीव्र तोडीच्या तुकड्यांत मूळच्या पुढेही गेली. पण त्यात उजेडाची आवड असलेल्या, लवकर वाढून लवकर मरणाऱ्या जातींचा वाटा मोठा होता. हलक्या तोडीच्या तुकड्यांत जातींची मांडणी न तोडलेल्या जंगलाच्या बरीच जवळ राहिली. तीव्र तोडीच्या तुकड्यांत ती साडेतीन दशकांनंतरही परत आली नव्हती. खोडांची संख्या, छेदाचे क्षेत्रफळ आणि जातींचे प्रमाण ही तीन मापे वेगवेगळ्या गतीने सावरतात आणि सर्वांत मागे जातींचे प्रमाण राहते. हिरवळ आली, खोडे दाट झाली, एवढ्यावरून जंगल भरून निघाले असे म्हणणे म्हणूनच घाईचे ठरते.

माती, मुळे आणि जखमा

झाड तोडण्यापेक्षा ते बाहेर काढण्याने होणारे नुकसान पुष्कळदा जास्त असते. बैलांच्या जागी विसाव्या शतकात ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले. ओंडका ज्या वाटेने ओढून नेतात, तिथली वरची माती खरवडली जाते आणि खालची दाबली जाते. दबलेल्या मातीतील हवेच्या आणि पाण्याच्या बारीक पोकळ्या मिटतात. बारीक मुळांना प्राणवायू कमी मिळतो, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि रोपांची वाढ खुंटते. चिकणमातीच्या जमिनीत पावसाळ्यात ओढ झाली, तर हा परिणाम अनेक दशके टिकतो. वाटा आधी आखल्या नाहीत, तर प्रत्येक ओंडक्यासाठी यंत्र नवी वाट काढते आणि कूपातील दबलेल्या जमिनीचा हिस्सा बराच वाढतो.

उरलेल्या झाडांना दोन प्रकारची इजा होते. पडणाऱ्या झाडाखाली फांद्या आणि शेंडे मोडतात. ओढल्या जाणाऱ्या ओंडक्याने बुंध्याची साल सोलली जाते. शेंडा मोडलेले झाड पाने कमी झाल्याने मंद वाढते. सोललेल्या बुंध्यातून बुरशी आणि वाळवी आत शिरतात आणि काही वर्षांनी बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या खोडाचा गाभा कुजलेला निघतो. वर्षावनात वेलींमुळे हे नुकसान वाढते. एका वेलीने चार-पाच झाडांचे शेंडे एकमेकांना बांधलेले असतील, तर एक झाड पाडताना उरलेलेही ओढले जातात. तोडीच्या काही महिने आधी वेली कापून ठेवणे, झाड कोणत्या दिशेला पाडायचे हे खाच घेण्याआधी ठरवणे, ओढवाटा नकाशावर आखून त्यांवरच यंत्रे ठेवणे आणि ओली जमीन असताना काम थांबवणे, या उपायांनी तेवढेच लाकूड काढूनही नुकसान लक्षणीयरीत्या कमी होते. उरलेल्या झाडांची वाढ वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग मानला जातो.

फांद्या, पाने आणि साल यांत लाकडाच्या मानाने पोषकद्रव्ये जास्त असतात. ती जागेवर कुजू दिली, तर मातीत परततात. ऑस्ट्रेलियाच्या निलगिरी जंगलांत तोडीनंतर हा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. राखेवर पडलेले बी जोमाने रुजते, कारण स्पर्धक रोपे जळलेली असतात आणि राखेतील क्षार लगेच उपलब्ध होतात. पण नत्राचा मोठा हिस्सा धुरातून निघून जातो. वर्षावनातील बहुतेक जातींची साल पातळ असते. आग तिथे पसरली, तर राखलेली झाडेही मरतात.

मोकळ्या जागेचे दावेदार

तोडीने मोकळी झालेली जागा हव्या त्या जातीलाच मिळेल, याची शाश्वती नसते. ऑस्ट्रेलियाच्या या भागात ती अनेकदा घाणेरीच्या ताब्यात जाते. महाराष्ट्रात घाणेरी किंवा टणटणी म्हणून ओळखले जाणारे हे मूळचे अमेरिका खंडातले झुडूप भारत आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे शोभेसाठी आणले गेले आणि जंगलात पसरले. दाट छताखाली ते फार वाढत नाही. छत उघडले की त्याची जाळी होते आणि तिच्याखाली झाडांची रोपे उजेडाअभावी मरतात. वर उरलेल्या मोठ्या निलगिरींची वाढही यातून सुटत नाही. घाणेरीच्या दाट जाळीत घरटी करणारा बेल मायनर हा पक्षी इतर कीटकभक्षी पक्ष्यांना हुसकावून लावतो. मग पानांतला रस शोषणाऱ्या किडी बेसुमार वाढतात, निलगिरीची पाने पुन्हा पुन्हा गळतात आणि शेवटी झाडे वरून वाळत जातात. या रोगट स्थितीमागे आगीच्या वारंवारतेतील बदलासारखी इतर कारणेही आहेत. पण तोड झालेल्या, घाणेरीने भरलेल्या ओलसर उतारांवर ती वारंवार आढळते.

अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतात हाच प्रश्न बांबूमुळे उभा राहतो. तिथल्या अटलांटिक जंगलात मौल्यवान जातींची निवडक तोड पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मोठे झाड काढल्यावर त्या जागी स्थानिक बांबू आणि वेली झपाट्याने पसरतात आणि झाडांची नवी पिढी वर्षानुवर्षे अडून राहते. बांबूची फुलोऱ्यानंतरची सामूहिक मर झाली, की रोपांना काही काळ संधी मिळते. वेली आणि बांबू छाटलेल्या तुकड्यांत रोपांची वाढ सुधारते. थोडी झाडे काढली म्हणजे परिणामही थोडा, हा नियम अशा जंगलांना लागू पडत नाही.

2010 मध्ये ऑस्ट्रेलियात एक नवा घटक आला. अमेरिका खंडातून आलेला मर्टल तांबेरा हा बुरशीजन्य रोग जांभूळ-निलगिरी कुळातील झाडांच्या कोवळ्या पानांवर आणि फुटव्यांवर हल्ला करतो. तोडीनंतर किंवा आगीनंतर एकदम येणारी कोवळी फूट त्याला सर्वांत सोपे लक्ष्य ठरते. फुटव्यांच्या भरवशावर पुनरुज्जीवन गृहीत धरणाऱ्या पद्धतींना त्यामुळे नवी मर्यादा पडली आहे.

हिमालयातील चीड आणि बांज

भारतातील उपोष्ण जंगलांचे मोठे उदाहरण म्हणजे हिमालयातील चीड पाइनची वने. साधारण 2,000 मीटर उंचीच्या खालील उतारांवर ती पसरली आहेत. चीड उजेडाची आवड असलेला आहे. ब्रिटिश काळातील वनखात्याने त्याच्यासाठी टप्प्याटप्प्याच्या तोडीची पद्धत वापरली: आधी मोजके निरोगी बीजवृक्ष राखून बाकीची झाडे काढायची, पंखासारखे पातळ पापुद्रे असलेले बी वाऱ्याने पसरू द्यायचे, रोपे स्थिरावली की बीजवृक्षही काढायचे. परिणामी एकाच वयाची, सरळ खोडांची चिडाची वने उभी राहिली आणि त्यांची वाढ लाकूड व राळ या दोन्हींसाठी उपयोगी ठरली.

या पद्धतीचा फटका बांज ओकला बसला. बांजच्या रोपाला सुरुवातीला सावली आणि ओल हवी असते. चिडाच्या कोरड्या, उघड्या वनात त्याचा टिकाव लागत नाही. चिडाच्या सुया जमिनीवर जाड थरात साचून उन्हाळ्यात पेटतात, चिडाची जाड साल आग सोसते आणि बांजची रोपे मरतात. जळण आणि चाऱ्यासाठी गावकऱ्यांना बांज लागतो, म्हणून तोडीच्या पद्धतीचा प्रश्न पहाडात उपजीविकेचाही प्रश्न झाला. 1973 पासूनच्या चिपको आंदोलनामागे व्यापारी तोडीविरुद्धचा हा असंतोष होता. 1981 मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात 1,000 मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. बंदीने तोडीचे नुकसान थांबले. मात्र उजेडाच्या अभावी दाट, एकाच वयाच्या काही वनांत नवी रोपे येत नाहीत, असा वनतज्ज्ञांमधील एक मतप्रवाह आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशात चीड, साल आणि खैर यांच्या निवडक क्षेत्रांत प्रायोगिक तोडीला परवानगी दिली, ती याच वादाच्या संदर्भात.

लागवडीच्या पुढच्या पिढ्या

सरसकट तोड आणि पुन्हा लागवड ही साखळी दक्षिण चीनमध्ये सर्वांत लांब चालली आहे. तिथे शा-मू नावाच्या सूचिपर्णी झाडाची लागवड शेकडो वर्षांपासून होते. पूर्वी एकदा तोड झाल्यावर जमीन काही काळ इतर झाडांना सोडली जाई. विसाव्या शतकात मागणी वाढली आणि तोड, जाळणे व त्याच जातीची लागवड हा क्रम खंड न पडता चालू लागला. उतारावरची राखेने भरलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते आणि शा-मूचा पालापाचोळा हळू कुजतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील झाडांची वाढ पहिल्या पिढीपेक्षा कमी भरते, हे तिथल्या वनशास्त्रातील ठळक निरीक्षण आहे. रुंदपानी झाडे मिसळून लावणे आणि पालापाचोळा न जाळणे हे त्यावरचे उपाय. 1998च्या यांगत्से पुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोड टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि 2017 पासून ती व्यापारी कारणांसाठी देशभर थांबवली. लाकडाचा भार त्यामुळे लागवडींवर आणि आयातीवर आला.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने हूप पाइन या स्थानिक जातीची लागवड साफ केलेल्या वर्षावनांच्या जागी केली. साधारण अर्ध्या शतकात ती तोडीला येते. नैसर्गिक जंगलातील झाडापेक्षा लागवडीतील झाड कितीतरी लवकर जाड होते, कारण अंतर, तण आणि विरळणी यांवर माणसाचे नियंत्रण असते. हेक्टरमागे लाकूड जास्त मिळते, पण जातींची विविधता जवळजवळ नसते.

दोन तोडींमधील काळ

तोडीची पद्धत कितीही चांगली असली, तरी पुढची तोड लवकर झाली, तर तिचा फायदा उरत नाही. उघडलेल्या छतामुळे उरलेल्या झाडांची वाढ पहिली काही वर्षे वेगाने होते. मग शेंडे पुन्हा एकमेकांना भिडतात आणि वेग ओसरतो. वनखाती याच टप्प्यावर पुढची तोड ठरवतात, कारण लाकडाच्या दृष्टीने वाढ मंदावलेली असते. पण पोकळ्या असलेली जुनी झाडे, ज्यांत घुबडे, पोपट आणि झाडांवर राहणारे शिशुधान प्राणी राहतात, तयार व्हायला शतकाहून अधिक काळ लागतो. न्यू साउथ वेल्सच्या टेरेनिया क्रीक परिसरातील काही ब्रश बॉक्स वृक्षांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने हजार वर्षांहून अधिक निघाले. असे वृक्ष वीस-तीस वर्षांच्या चक्रात बसत नाहीत. ते एकदा काढले की त्यांची जागा त्या चक्रात कधीच भरत नाही.

1979 मध्ये टेरेनिया क्रीक येथील तोड आंदोलकांनी रोखून धरली. 1982 मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने राज्यातील वर्षावनाचा मोठा भाग तोडीबाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि 1986 मध्ये या वनांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. 2019-20च्या वणव्यांत या वारसा क्षेत्राचा सुमारे निम्मा भाग होरपळला. उघडलेल्या छताखालचा कोरडा पालापाचोळा आणि झुडपांची दाटी आगीला वाट करून देते, म्हणून आता तोडीच्या पद्धतीचे मूल्यमापन करताना आगीचाही विचार होतो.

या सर्व प्रदेशांतील अनुभवातून काही बाबी पक्क्या झाल्या आहेत. उजेडाची आवड असलेल्या जातींसाठी पुरेशी मोठी मोकळी जागा आणि उघडी माती लागते. सावली सोसणाऱ्या जातींसाठी राखलेले छत लागते. दोन्ही एकत्र हवे असतील, तर कूपाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या पद्धतीने हाताळावे लागतात. चांगल्या खोडाचे बीजवृक्ष आधी राखून मग तोडीची खूण करायची, ओढवाटा आखायच्या, वेली आधी कापायच्या, तणावर पहिली काही वर्षे लक्ष ठेवायचे आणि कायम राखीव तुकड्यांत मोजणी चालू ठेवायची, ही कामे तोडीच्या खर्चात धरली गेली तरच उरलेल्या जंगलाची वाढ पुढच्या तोडीपर्यंत टिकते. जिथे मातीची झीज, आग आणि परकी झुडपे यांवर ताबा ठेवता येत नाही, तिथे मात्र लाकडाची गरज लागवडीतून भागवणे आणि नैसर्गिक जंगल तसेच सोडणे हाच कमी नुकसानीचा पर्याय ठरतो.